मामा, डिस्क परत गायब झाली!

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला, तो याच वाक्याने. त्याने घरात रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला दोन टीबीची हार्ड डिस्क जोडून सगळ्यांचे फोटो एका जागी साठवायची सोय केली आहे. चार दिवस सुरळीत चालतं, पाचव्या दिवशी डिस्क दिसेनाशी होते. प्लग काढून परत लावला की दिसते. महिनाभरात त्याने डिस्कचा डबा बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम दोनदा नव्याने टाकली आणि शेवटी डिस्कही बदलली. आता तो बोर्ड बदलायला निघाला होता.

एकाच गोष्टीकडे त्याने पाहिलं नव्हतं, आणि बहुतेक जण पाहत नाहीत. ती म्हणजे चार्जर आणि त्याची केबल. ‘यूएसबी’ असं नाव घेऊन येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच मुळात विजेच्या असतात. सगळ्याच नसतात, पण शोध तिथूनच सुरू करायचा, कारण वीज कमी पडत असेल तर पुढची कुठलीही तपासणी विश्वासाची राहत नाही.

हे बोर्ड नेमकं काय आहे?

रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढ्या पाटीवर मावणारा पूर्ण संगणक. ब्रिटनमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता यावं या हेतूने तो २०१२ साली बाजारात आला आणि शाळांपेक्षाही वेगाने हौशी लोकांच्या घरांत पोचला. आज त्यावर कुणी घरचा सर्व्हर चालवतं, कुणी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, कुणी शेतातल्या मोटारीचं नियंत्रण.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये दोन कामं एकत्र चालतात: माहितीची ने-आण आणि वीजपुरवठा. यूएसबी २ मध्ये चार तारा असतात, दोन माहितीच्या आणि दोन विजेच्या. यूएसबी ३ मध्ये माहितीच्या तारा वाढल्या, तरी विजेचं तत्त्व तेच राहिलं. म्हणजे बिघाड झाला तर तो बोलण्यातला आहे की जेवणातला, हा पहिला प्रश्न.

गच्चीवरची टाकी

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, आणि नळातून दर मिनिटाला किती पाणी पडतं ते म्हणजे करंट. एकाच पाइपवर दोन नळ असतील आणि एकाने तो पूर्ण सोडला, तर दुसऱ्याची धार बारीक होते. टाकीत पाणी भरपूर असूनही होते, कारण पाइप अरुंद आहे.

पायला ५ व्होल्ट लागतात. पाय ४ चं बोर्ड एकटं असताना साधारण ०.६ अँपिअर घेतं, काम वाढलं की त्याहून जास्त. त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर एवढीच मर्यादा आहे. प्रत्येकाला १.२ नव्हे, चौघांत मिळून. आता फिरत्या तबकडीची अडीच इंची हार्ड डिस्क पाहा. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते त्या क्षणी ती एकटीच एक अँपिअरच्या आसपास खेचू शकते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना घरातला दिवा जसा क्षणभर मंद होतो, तोच हा प्रकार. शेजारी कीबोर्ड आणि वायफायचा डोंगल असेल तर विचारायलाच नको.

इथे खरी फसगत होते. बोर्डावरचा प्रोसेसर आणि मेमरी हे ५ व्होल्ट थेट वापरत नाहीत. बोर्डावरचे रेग्युलेटर त्यातून ३.३ व्होल्ट आणि त्याहून कमी व्होल्टेज तयार करतात. त्यामुळे ५ चे ४.५ झाले तरी बोर्ड बराच काळ तग धरतं. यूएसबी पोर्टवर मात्र तेच मूळचे ‘५’ व्होल्ट जातात. दाब घसरला की आधी पडते ती डिस्क. पाय चालूच, पडद्यावर सगळं व्यवस्थित, फक्त डिस्क गेली. मग संशय डिस्कवर जाणारच! भाच्याने दुसरी डिस्क विकत घेतली ती याच समजुतीने.

केबलचा हिशेब करून पाहू

हा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं. एकदा केला की ‘केबलने काय फरक पडतो’ हा प्रश्न पुन्हा डोक्यात येत नाही.

तारेची जाडी गेज क्रमांकाने सांगतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक. २८ क्रमांकाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा अवरोध सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून एक मीटर केबलसाठी दुप्पट धरा, ०.४२ ओहम. बोर्ड आणि डिस्क मिळून २ अँपिअर घेत असतील, तर ०.४२ गुणिले २, म्हणजे जवळपास ०.८५ व्होल्ट केबलमध्येच खर्च झाले. चार्जर ५.१ व्होल्ट देत होता, बोर्डापाशी पोचले ४.२५.

तीच केबल २४ क्रमांकाच्या तारेची असेल तर घट साधारण ०.३४ व्होल्ट आणि बोर्डापाशी ४.७६. चालण्यासारखं आहे. पण लोड ३ अँपिअरवर गेला की तीही ४.६ वर उतरते.

४.६ हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पायवर व्होल्टेजवर नजर ठेवणारी सोय असते आणि तिची घंटा वाजते ती ४.६३ व्होल्टच्या आसपास. पडद्याला पाय जोडलेला असेल तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ते चिन्ह सजावटीचं नाही. पायच्या अधिकृत अडॅप्टरवर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट लिहिलेले असतात तेही याच कारणाने: वाटेत काही सांडणार हे गृहीत धरलेलं असतं.

बऱ्याच केबलींच्या आवरणावर बारीक अक्षरांत गेज छापलेलं असतं. ‘२८’ आणि ‘२४’ असे दोन आकडे दिसले तर पहिला माहितीच्या तारांचा आणि दुसरा विजेच्या तारांचा. दोन्ही ठिकाणी २८ असेल तर ती केबल फोनच्या रात्रभराच्या चार्जिंगसाठी ठेवा. फोनमध्ये बॅटरी असते, त्यामुळे वीज कमी मिळाली तर तो फक्त हळू चार्ज होतो. पायला बॅटरी नाही. क्षणभराची घटसुद्धा त्याला पुरते.

‘पण माझा चार्जर तर ६५ वॅटचा आहे!’

हा आक्षेप सर्वात जास्त ऐकू येतो आणि तो रास्तही वाटतो. ६५ वॅट म्हणजे पायच्या गरजेच्या कितीतरी पट. मग कमी कसं पडेल?

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. वेगवान चार्जर हे ६५ वॅट ५ व्होल्टवर देत नाहीत. समोरच्या फोनशी किंवा लॅपटॉपशी बोलणी करून ते व्होल्टेज ९, १५ किंवा २० पर्यंत चढवतात आणि मग ती ताकद देतात. ५ व्होल्टवर त्यांची मर्यादा बहुतेक वेळा ३ अँपिअर असते, कधी २. पाय ४ ला ५ व्होल्टच हवेत. म्हणून चार्जरवरचा मोठा आकडा सोडा आणि बारीक अक्षरांतली ‘५ व्होल्ट’ या शब्दांपुढची ओळ वाचा.

२०२३ मध्ये आलेल्या पाय ५ ने हा गोंधळ आणखी वाढवला. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि बाजारातल्या चार्जरमध्ये ५ व्होल्टवर ५ अँपिअर क्वचितच मिळतात. ३ अँपिअरचा चार्जर लावला तरी पाय ५ सुरू होतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ०.६ अँपिअर देतो. पूर्ण ताकदीचा अडॅप्टर असेल तर हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. त्यामुळे शंभर वॅटचा लॅपटॉप चार्जर लावूनही डिस्क उठत नाही, असं चित्र दिसतं. सेटिंग बदलून ही मर्यादा उठवता येते, पण अडॅप्टर खरोखर ५ अँपिअरचा असेल तरच तसं करावं. नसेल तर डिस्कबरोबर बोर्डही पडेल.

रिस्टार्ट करण्याआधी थांबा

डिस्क गायब झाली की हात आपोआप स्विचकडे जातो. तेवढा वेळ थांबा. पायवर चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, घडलेली प्रत्येक गोष्ट मेमरीतल्या एका नोंदवहीत लिहीत असतो, आणि रिस्टार्ट केलं की ती पुसली जाते. साक्षीदाराला आपणच घरी पाठवतो आणि मग गुन्हा कुणी केला म्हणून विचारत बसतो.

ही नोंदवही दाखवणाऱ्या आज्ञेची अक्षरं डी-एम-ई-एस-जी. बिघाड झाल्या झाल्या ती चालवा आणि शेवटच्या तीसेक ओळी वाचा. ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ असं दिसलं तर बाकी काही पाहू नका, आधी वीज सुधारा. ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि काही सेकंदांनी ‘न्यू डिव्हाइस’ असं दिसलं तर वस्तू खरोखरच तुटून परत जोडली गेली, म्हणजे रोख पुन्हा विजेकडे किंवा सैल प्लगकडे. डिस्कनेक्ट नाही, नुसतं ‘रीसेट’ पुन्हा पुन्हा, हे बोलण्यातल्या बिघाडाचं लक्षण, त्याकडे पुढे येतो. ‘एरर’ या शब्दापुढे उणे ११० असेल तर उत्तर वेळेत आलं नाही, उणे ७१ असेल तर आलेलं उत्तर समजलं नाही. उणे ७१ मागे खराब केबल असण्याची शक्यता बरीच.

दुसरी आज्ञा पायची स्वतःची. अक्षरं व्ही-सी-जी-ई-एन-सी-एम-डी, मग एक जागा सोडून ‘गेट अंडरस्कोअर थ्रॉटल्ड’. उत्तरात नुसतं शून्य आलं तर सुरू झाल्यापासून विजेची घंटा एकदाही वाजलेली नाही. ५०००० आलं तर मागे कधीतरी वाजली, आत्ता ठीक आहे. ५०००५ आलं तर या क्षणीही वाजते आहे. शेवटचा अंक आत्ताचा, पहिला अंक मागचा, आणि विषम अंक म्हणजे वीज कमी. भाच्याला मी फोनवरच हे टाइप करायला लावलं. उत्तर आलं: ५०००५.

मल्टिमीटर असेल तर बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत २ क्रमांकाची पिन ५ व्होल्टची आणि ६ क्रमांकाची जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. डिस्कवर मोठी फाइल लिहिली जात असताना मोजा, बोर्ड रिकामं बसलेलं असताना नाही. मात्र हात स्थिर ठेवा: २ च्या शेजारी १ क्रमांकाची पिन ३.३ व्होल्टची आहे आणि मीटरचं टोक घसरून या दोन जोडल्या गेल्या तर बोर्ड कायमचं जाऊ शकतं. त्यापेक्षा काही शे रुपयांत मिळणारा, केबलच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर बरा.

‘हीच डिस्क लॅपटॉपवर नीट चालते की!’

चालणारच. यूएसबी ३ च्या नियमाप्रमाणे एका पोर्टने ०.९ अँपिअर द्यायचे असतात आणि लॅपटॉपचा असा प्रत्येक पोर्ट ते देतो, बऱ्याचदा जास्तच. शिवाय त्याच्यामागे बॅटरी उभी असते, ती क्षणिक झटका सहज पचवते. लॅपटॉपवर डिस्क चालली यावरून डिस्क शाबूत आहे एवढंच कळतं, पाय तिला पुरेसं खाऊ घालतो आहे असं नाही.

मग पॉवर्ड हब घेतला की झालं?

बऱ्याच वेळा होतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा डबा, घेतला की डिस्कचा भार पायच्या डोक्यावरून उतरतो आणि १.२ अँपिअरची मर्यादा तिला लागू राहत नाही. फिरत्या डिस्कसाठी माझा सल्ला हाच असतो.

घेताना दोन गोष्टी पाहा. हबसोबत आलेला अडॅप्टर किती अँपिअरचा आहे? सात पोर्टांच्या हबला २ अँपिअरचा अडॅप्टर दिलेला मी पाहिला आहे. दुसरं म्हणजे उलटी वीज. काही स्वस्त हब आपली वीज केबलमधून मागे पायकडेही ढकलतात. ओळखायला सोपं आहे: पायचा स्वतःचा अडॅप्टर काढा. हब जोडलेला असताना बोर्डावरचा लाल दिवा पेटलेलाच राहिला, तर हब मागून वीज देतो आहे. असा हब वापरू नका. त्याने बोर्ड नीट बंदही होत नाही आणि नीट सुरूही होत नाही.

वीज चोख, तरी डिस्क अडखळते

आता बोलण्यातला बिघाड. साटा डिस्क, म्हणजे साटा नावाची वेगळी जोडणी असलेली डिस्क, यूएसबीला जोडणाऱ्या डब्यात किंवा केबलमध्ये एक छोटी चिप दुभाष्याचं काम करते. जुन्या पद्धतीत संगणक एक काम सांगायचा, ते संपेपर्यंत थांबायचा, मग दुसरं सांगायचा. नव्या पद्धतीला यूएएस म्हणतात. तिच्यात एकदम अनेक कामं सांगता येतात आणि डिस्क सोयीने ती उरकते. उपाहारगृहात एकेका गिऱ्हाईकाची ऑर्डर पूर्ण करून पुढच्याला विचारणं आणि सगळ्यांना आधी टोकन वाटून टाकणं, यात जो फरक आहे तोच हा.

काही दुभाषी चिपांना ही टोकनं नीट सांभाळता येत नाहीत. गर्दी कमी असताना चालतं, रात्री बॅकअप सुरू झाला की टोकनं हरवतात, संगणक उत्तराची वाट पाहून कंटाळतो आणि चिपला रीसेट करतो. नोंदवहीत ‘यूएएस’ आणि ‘अबॉर्ट’ हे शब्द जवळजवळ दिसले तर हेच चाललं आहे असं समजा.

उपाय असा की तेवढ्या एका चिपपुरती जुनी पद्धत वापरायला लावायची. एल-एस-यू-एस-बी ही आज्ञा जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा ओळख क्रमांक देते, चार अक्षरं बनवणाऱ्याची आणि चार त्या वस्तूची. सुरुवातीच्या सूचनांच्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये ‘यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स’ लिहून बरोबरचं चिन्ह, मग तो क्रमांक आणि शेवटी कोलन देऊन ‘यू’ हे लहान लिपीतलं अक्षर. ही संपूर्ण फाइल एकाच ओळीत असते आणि तशीच राहिली पाहिजे. मध्ये एंटर दाबलं तर पाय सुरूच होणार नाही, म्हणून आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

वेग कमी होतो का? होतो, विशेषतः एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, आणि छोट्या छोट्या फाइली असतील तर. फोटो साठवायच्या फिरत्या डिस्कवर तो जाणवणारही नाही. वेग हवाच असेल तर वेगळ्या चिपचा डबा घेणं हा खरा उपाय.

काही वेळा कारण याहून साधं असतं: काम नसेल तर यूएसबीवरची वस्तू झोपवण्याची लिनक्सची सोय. एखादी वस्तू झोपेतून नीट उठत नाही. त्याच फाइलमध्ये ‘यूएसबीकोअर डॉट ऑटोसस्पेंड’ला उणे १ दिलं की ही सोय बंद होते.

डिस्क लावली आणि दारावरचा सेन्सर गेला

घरातले दिवे आणि सेन्सर पायवरून चालवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. झिगबी या बिनतारी पद्धतीचा छोटा रिसीव्हर महिनोन्महिने चांगला चालतो. शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टात एसएसडी लावली की सेन्सर एकेक करून गायब होतात. वीज पुरेशी, चिप चांगली, नोंदवही कोरी.

यूएसबी ३ च्या तारांमधून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात, आणि एवढ्या वेगाच्या हालचालीतून जो रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही येतो. झिगबी, ब्लूटूथ आणि जुनं वायफाय नेमक्या याच पट्ट्यात बोलतात. बँजो लागलेल्या वरातीशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजलं तर ऐकू येईल का? इंटेलने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. हा बिघाड एका कंपनीचा नाही, त्या वेगाबरोबरच तो येतो.

इलाज अगदी स्वस्त आहे. एक मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घ्या, ती काळ्या पोर्टात लावा आणि रिसीव्हर डिस्कपासून लांब न्या. एवढ्याने बहुतेक घरांतला प्रश्न मिटतो.

वस्तू आहे, पण नाव बदललं

हा बिघाड नसून बिघाडाचा भास आहे. लिनक्स यूएसबीवरच्या वस्तूंना आल्या क्रमाने नंबर देतं. वर्गात जो आधी येईल तो एक नंबर, असाच. क्षणभर वीज गेली आणि वस्तू परत आली की तिला नवा नंबर मिळू शकतो, आणि जुन्या नंबरावर अवलंबून असलेला प्रोग्रॅम ‘सापडत नाही’ म्हणतो. डिस्कसाठी तिचा कायमचा ओळख क्रमांक, यूयूआयडी, वापरा, आणि झिगबीच्या रिसीव्हरसारख्या सिरियल उपकरणांसाठी ‘बाय-आयडी’ फोल्डरातलं नाव.

‘प्लग काढून लावला की चालतं, मग एवढी यातायात कशाला?’

भाच्याने हाच प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी मिळालं. लिहिणं चालू असताना डिस्कची वीज गेली की ती फाइल अर्धी राहते. फाइल सिस्टिम स्वतःचा जमाखर्च सावरून घेते, पण पोचलाच नाही तो मजकूर ती कुठून आणणार? फोटोंच्या यादीत नाव दिसतं, उघडायला गेलं की खालचा अर्धा भाग करडा.

त्याने ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा, जोडलेल्या जाड केबलचा अडॅप्टर आणला. एका वेळी एकच बदल करायचा असं ठरलं होतं, म्हणून बाकी कशाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री बॅकअपच्या वेळी नोंदवहीत दोन रीसेट दिसले, यूएएसचे. ती एक ओळ वाढवली. त्याला आता पाच आठवडे झाले, आज्ञा चालवली की उत्तरात शून्य येतं.

डिस्क तपासताना मात्र तीन फोल्डरांतले फोटो अर्धवट लिहिलेले सापडले. त्यातला एक आजीच्या पंचाहत्तरीचा होता. ताईने जुना फोन अजून विकायला काढला नव्हता, कपाटात पडून होता. तो चार्ज करून ते फोटो त्याच्यावरून परत घेतले.